सिंधूच्या खुंट्या

केळवण कधी स्वतःच्या घरी होत नसतं. ज्याला करायचं आहे त्यानं आपल्या घरी जेवायला बोलवायचं, ही रीत. पण चांदूरकरांनी कुठली रीत सरळ पाळली आहे म्हणून हीच पाळावी! नलिनीआत्या रविवारी सकाळी भोपाळच्या अशोका गार्डनमधल्या आपल्या घरून पुरणयंत्र, तुपाची बरणी आणि कांचनसाठी घेतलेली साडी घेऊन निघाली, ती रिक्षातून थेट पिपलानीत कारखान्याच्या क्वार्टरपुढे उतरली आणि भावाच्या स्वयंपाकघरात पदर खोचून उभी राहिली.

"वहिनीला माझे जिने चढवत नाहीत, म्हणून केळवणच इकडे आलं," ती वैजयंतीला म्हणाली. "भाचीचं केळवण आत्यानं नाही करायचं तर काय करोंदच्या मंडीतल्या आडत्यानं करायचं?"

वैजयंती या घरची सून, अच्युतची बायको. माहेर नागपूरचं. "डाळ मी शिजवून ठेवली आहे नं आत्या. तुम्ही फक्त पुरण वाटा."

"आणि वहिनीसाठी काय? पेज?"

"पेज नाही. आई आज पंगतीत बसणार आहेत. पुरणपोळी खाणार म्हणाल्या, तूप घालून."

नलिनीचा हात पुरणयंत्रावर थांबला. वहिनी पंगतीत! सिंधूच्या खालच्या जबड्यात कॅन्सर निघाला, उजवीकडचा जबडा काढून तिथे पायाचं हाड बसवलं आणि त्यावर विजेचे शेक दिले, तेव्हापासून ती चारचौघांत जेवलेली नव्हती. सगळं मिक्सरमधून काढायचं, वाटी घेऊन मागच्या खोलीत जायचं आणि आतून कडी लावायची. ओठाच्या कोपऱ्यातून अन्न गळायचं आणि तिला कळायचंच नाही. एकदा नलिनीनं नको तेव्हा दार ढकललं होतं. ते तिला आठवलं आणि तिनं उगाचच वेलदोडे जोरात कुटले.

शेक संपून वर्ष उलटलं तेव्हा डॉक्टर सुमित्रा मालवीय यांनी तिच्या जबड्यात टायटॅनियमच्या चार खुंट्या बसवल्या. डॉक्टरांकडे त्यांना वेगळं नाव असेल, घरात सगळे खुंट्याच म्हणायचे. हाडानं त्या धरून ठेवाव्यात म्हणून कित्येक महिने वाट पाहिली, मग प्रत्येक खुंटीवर आट्यांची एकेक टोपी बसली, आणि त्या टोप्यांवर टक् करून दाबून बसणारी दातांची कवळी आली. कवळी बसली त्या दिवशी सिंधूनं आरशात पाहिलं नाही. तिनं कांचनला विचारलं, "तुझं केळवण कधी आहे?"

डॉक्टर तेव्हाच बजावून म्हणाल्या होत्या, "शेकलेलं हाड आहे हे. यात रक्त कमी. एकदा उघडं पडलं की भरत नाही. काही सैल वाटलं तर माझ्याकडे यायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, दुसऱ्या डेंटिस्टनंसुद्धा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सिंधूच्या नवऱ्यानं, नीळकंठानंही.

पानं मांडली. कांचनचं ताट मधे, भोवती रांगोळी. तिच्या एका बाजूला सिंधू, दुसऱ्या बाजूला नीळकंठ. अच्युत समोर बसला. सिंधूनं मोरपिशी साडी नेसली होती आणि मानेवरचा शस्त्रक्रियेचा व्रण पदरानं झाकला होता. नलिनीनं पहिली पोळी तिलाच वाढली.

"सावकाश हं वहिनी. कोणी घाई करत नाहीये."

"तू वाढ," सिंधू म्हणाली. तिचं बोलणं ओठांत घसरायचं, पण घरच्यांना समजायचं.

तिनं घास केला, तुपात बुडवला, तोंडात ठेवला. कोणी तिच्याकडे बघायचं नाही असं आपसात ठरलं होतं आणि सगळेच बघत होते. ती चावली. एकदा, दोनदा. गिळलं. कांचनच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई यार," ती म्हणाली, "कमाल आहेस तू."

दुसरा घास चावताना सिंधू थांबली. तिनं तोंडावर हात नेला. हातात अख्खी कवळी आली, पुरण लागलेली, आणि पांढऱ्या ताटात रक्त पडलं. वैजयंती पाणी आणायला उठली. अच्युतनं आईच्या हातातून कवळी घेतली आणि उलटी केली. कवळीच्या पोटात एक खुंटी अडकून आली होती, टोपीसकट, मुळापासून. तिच्या आट्यांना काहीतरी करडं चिकटलं होतं.

"हाड आहे हे," अच्युत म्हणाला. "आईचं हाड आहे."

नीळकंठ जागचा हलला नाही. त्यानं पानातला घास पानातच ठेवला.

फोन अच्युतनंच लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "पडल्या का? कुठे लागलं? काही कडक चावलं?"

"काहीही नाही," अच्युत म्हणाला. "पुरणपोळी खात होती. पुरणपोळी, डॉक्टर!"

"किसी ने छेड़ा तो नहीं? कोणी पिळलं, ओढलं?"

"इथे कोण छेडणार? तुमच्याशिवाय कोणी हात लावलेला नाही."

"मग वाईट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आपोआप निघाली असेल तर हाडच मरायला लागलंय. मग मी थांबणार नाही. उद्या सकाळी चारही जागा साफ कराव्या लागतील, मेलेलं हाड खरवडावं लागेल. किती, ते उघडल्यावर कळेल. पायाचं बसवलेलं हाडही जाऊ शकतं. मनाची तयारी ठेवा."

फोन बंद झाला. सिंधू गालाशी कापसाचा बोळा धरून दिवाणावर बसली होती. तिनं नीळकंठाकडे पाहिलं आणि अगदी बारीक मान हलवली. नको. त्याच्याशिवाय ते कोणी पाहिलं नाही.

मग चांदूरकरांच्या घरात जे होतं ते झालं. सगळे एकदम बोलू लागले.

"मी सोडणार नाही या बाईला," अच्युत म्हणाला. "मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करतो. मुंबईला न्यायचं म्हणत होतो मी तेव्हा. कोणी ऐकलं माझं? बाबा म्हणाले इथे ओळखीची डॉक्टर आहे."

"अरे, पण त्या बाईनं आईला दात तर दिले," नलिनी म्हणाली.

"दिले? हे बघ, हे दिले!" त्यानं कवळी तिच्यापुढे धरली.

"दादा, ओरडू नको ना," कांचन म्हणाली. "लग्न पुढे ढकलू या. मी बोलते त्यांच्याशी. आईशिवाय मी नाही बसणार बोहल्यावर, साफ सांगते."

"लग्न ढकलायचं नाही," सिंधू बोळ्याआडून म्हणाली. ते मात्र सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

नीळकंठ उठून मागच्या व्हरांड्यात गेला. तिथे त्याच्या वडिलांची, गजाननरावांची फळी अजून होती. त्यावर पाने, पक्कडी, कानस, हातोड्या, सगळं जागच्या जागी. गजाननराव नागपूर सोडून भोपाळच्या कारखान्यात आले तेव्हा टाउनशिपमध्ये अर्ध्या क्वार्टरांना दारंसुद्धा लागली नव्हती. तेव्हापासून या घरात कधी मिस्त्री आला नाही. पंखा, नळ, शिलाईमशीन, शेजाऱ्यांचा रेडिओ, सगळं चांदूरकर स्वतः उघडणार आणि स्वतः बसवणार. आधी हात लावायचा, मग विचारायचं. पस्तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या टाक्यांचे बोल्ट कसणारा नीळकंठ तर त्यात बापाच्या वरताण निघाला. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटायचं, पण अच्युत कारखान्यातच इंजिनियर लागला होता म्हणून त्याच्या नावावर घर मिळालं आणि फळी हलली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सिंधूनं त्याला मागच्या खोलीत बोलावलं होतं. "अहो, एक टोपी खुळखुळते. जिभेला लागते."

"डॉक्टरला फोन करू या."

"बाई मंगळवारी भेटणार. रविवारी कांचनचं केळवण आहे." ती थांबली. "तुम्ही बघा नं. तुम्हाला येतं."

तुम्हाला येतं. एवढं म्हटल्यावर कुठला चांदूरकर थांबतो! डॉक्टरांच्या हातातला छोटा पाना त्यानं कवळी बसवताना नीट पाहून ठेवला होता, आणि पुढच्याच आठवड्यात गोविंदपुऱ्यातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तसाच एक बनवून घेतला होता. असू द्यावा, लागला तर. तो त्यानं उकळत्या पाण्यातून काढला, टॉर्च सिंधूच्या हातात दिला आणि टोपी कसली. ती बसली. हाताला कळतं, बसली की. मग त्यानं वर थोडी अजून कसली, कारण बसली तिथे सोडली तर परत सुटते, हे त्यानं उभा जन्म पोरांना शिकवलं होतं. सिंधूच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुखलं?" त्यानं विचारलं. "नाही," ती म्हणाली. शेकल्यापासून तिथे तिला अर्धवटच कळायचं.

"बाबा."

वैजयंती मागे येऊन उभी होती.

"शुक्रवारी आईंच्या खोलीत टॉर्च होता. मी चहा घेऊन आले तर तुम्ही म्हणालात, ठेव बाहेर." तिनं फळीकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेच पाहत राहिली. "डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलं नं तुम्ही? आपोआप निघाली असेल तर सगळा जबडा उकरणार आहेत त्या. आणि आपोआप निघाली नसेल तर?"

"सिंधू नको म्हणते सांगू."

"त्या म्हणतीलच. तुम्हाला अच्युत बोलेल, ते त्यांना सोसणार नाही. पण जबडा त्यांचा आहे, बाबा."

नीळकंठ आत गेला. सुनेच्या एवढ्या बोलण्यावर गेला, इतकी तिची जरब होती, आणि ती कधी वरच्या आवाजात बोलली नव्हती.

"अच्युत," तो म्हणाला. "तक्रार करू नकोस. मी कसली होती."

"काय?"

"टोपी. सैल झाली होती. शुक्रवारी मी कसली. पाना बनवून घेतला होता."

"मीच सांगितलं त्यांना," सिंधू म्हणाली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

अच्युतचा चेहरा पांढरा पडला. तो ओरडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो हळू बोलला, आणि ते जास्त वाईट होतं. "पाना बनवून घेतलात. आईच्या तोंडासाठी. ती काय टाकी आहे का, बाबा? आजीनं तिच्या हिरड्यांना तंबाखूची मिश्री लावायला शिकवलं आणि तुम्ही पाना लावलात. या घरानं तिचं तोंड सोडलंच नाही."

"माझ्या आईचं नाव काढू नकोस," नलिनी म्हणाली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता. मिश्रीची पितळी डबी तेव्हाच्या नव्या सुनेच्या, सिंधूच्या हातात देणारी आपली आई, कुसुम, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. दात मजबूत होतात, असं कुसुमनं सांगितलं होतं. नलिनी भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "दादानं वाईट व्हावं म्हणून केलं का? वहिनीला पंगतीत बसायचं होतं."

"मग बसली नं! बघितलंत नं सगळ्यांनी!"

"किती कसल्या?" वैजयंतीनं विचारलं. हातात फोन होता. "डॉक्टरांना सांगायला पाहिजे. किती कसल्या, बाबा?"

नीळकंठानं सगळ्यांकडे पाहिलं. मुलाकडे, मुलीकडे, बहिणीकडे. कांचन त्याच्याकडे बघत नव्हती. ती लहानपणापासून त्याच्या मागे मागे पाने उचलत फिरणारी पोर, आणि ती बघत नव्हती.

"एक," तो म्हणाला. "जी सैल होती ती."

सिंधूनं मान खाली घातली.

डॉक्टर आधी चिडल्या, मग फोनवरूनच त्यांचा आवाज उतरला. असं असेल तर बरंच आहे म्हणाल्या. मग हाड मेलेलं नाही, एकच जागा तुटली. बाकी तीन ठीक असणार. उद्या आणा, एकेक तपासते, थिएटर लागणार नाही. तोवर जखमेवर औषधाची गॉज ठेवून वरून कवळी लावा, म्हणजे जागा झाकली जाईल.

घरात कोणीतरी श्वास सोडला. अच्युतनं कवळीत अडकलेली खुंटी काढली, कवळी धुतली आणि स्वतःच्या हातानं गॉज घडी करून जखमेवर ठेवली. "लाव आई," तो म्हणाला. तिनं कवळी तोंडात धरली आणि दाबली. टक् झालं. नीळकंठ दारात उभा होता. त्या क्षणी त्यानं बोलायला हवं होतं. सिंधूनं कवळी दाबताना त्याच्याकडेच पाहिलं, थोडी थांबलीसुद्धा. तो बोलला नाही. मग तिनं दुसऱ्या बाजूनं दाबली.

नलिनीनं उरलेल्या पोळ्या झाकून ठेवल्या. कोणी जेवलं नाही.

सोमवारी सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला तेव्हा अच्युत ड्यूटीवर गेला नाही. त्यानं आईला गाडीत पुढे बसवलं. नीळकंठ मागे बसला.

डॉक्टर सुमित्रांनी कवळी काढली, गॉज काढली, दिवा खाली ओढला आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मग आरशाची लोखंडी दांडी उलटी धरून त्यांनी पहिल्या खुंटीवर हलकेच ठोकलं.

टण्.

छोटा, स्वच्छ आवाज. नीळकंठाला तो ओळखीचा होता. कारखान्यात चिनी मातीचे इन्सुलेटर यायचे, त्यांच्यावर असंच ठोकून बघायचं. वाजला तर चांगला. आतून तडा असेल तर कितीही चकचकीत दिसो, तो वाजत नाही. हजारो वाजवले होते त्यानं.

डॉक्टरांनी दुसऱ्या खुंटीवर ठोकलं.

आवाज बसका आला. लाकडावर बोट मारल्यासारखा.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा ठोकलं, आणि तिसऱ्या खुंटीकडे वळल्या. तिसरीही तशीच आली. त्यांनी तिला चिमट्यानं धरून जरा हलवलं आणि ती हलली.

"ये कैसे?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तर एकच..."

"चारही," नीळकंठ म्हणाला.

अच्युत त्याच्याकडे वळला.

"चारही कसल्या होत्या मी, डॉक्टर. एक बोल्ट कसून कोणी सोडत नाही. एक कसला की बाकीचे समोरासमोर कसायचे, नाहीतर भार एकीकडे जातो. तसंच शिकलोय. तसंच शिकवलं." त्यानं सिंधूकडे पाहिलं. "सैल एकच होती. बाकी तीन चांगल्या होत्या. चांगल्याच होत्या त्या."

डॉक्टरांनी दांडी ताटलीत ठेवली. त्या रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे नीळकंठाला जास्त भीती वाटली. "अंकल, काल तुम्ही एक म्हणालात," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून मी कवळी लावायला सांगितली. रात्रभर त्या सगळ्याचा भार या तिघींवर होता. काल चार म्हणाला असतात तर मी काहीच लावू दिलं नसतं. कदाचित धरल्या असत्या. कदाचित नाही. आता या दोन आजच काढाव्या लागतील. एका खुंटीवर काही बसत नाही. आणि या हाडात मी परत भोकं पाडणार नाही. ते भरेल का, एवढंच बघायचं आता."

"म्हणजे दात?" अच्युतनं विचारलं.

"दात नाहीत."

नीळकंठ मुलाच्या बोलण्याची वाट बघत होता. त्यानं काहीही बोलावं, कालच्यापेक्षा वाईट बोलावं. अच्युतनं खिडकीकडे तोंड केलं आणि त्याचे खांदे हलत राहिले.

नीळकंठ खुर्चीजवळ गेला. "सिंधू," तो म्हणाला, "तुला तर ठाऊक होतं. चारही तुझ्याच तोंडातल्या. तू काल का नाही बोललीस? कवळी का लावलीस?"

सिंधूनं रुमालानं ओठाचा कोपरा टिपला. कळत नसे तरी टिपायची तिला आता सवय झाली होती.

"तुम्ही एक म्हणालात," ती म्हणाली. शब्द घसरत होते, आणि ती प्रत्येक शब्द सावरून बोलत होती. "कांचन बघत होती. सगळे बघत होते. मी चार कशी म्हणू?"

डॉक्टरांनी सुई भरली. नर्सनं दिवा अजून खाली घेतला. सिंधूनं डोळे मिटले, मग परत उघडले आणि नवऱ्याची बाही धरली.

"अहो. ती पहिली वाजली नं?"

"वाजली."

"मला आतून ऐकू आली," ती म्हणाली, आणि तिनं स्वतःहून तोंड उघडलं.